शिराळ्याचा नाग आणि मोशेचा पितळी साप

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याच्या नागपंचमीची कथा गावातल्या लहान पोरालाही पाठ असते. गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. कारण कळल्यावर नाथांनी त्या मातीच्या नागात प्राण घातला आणि तेव्हापासून गावात जिवंत नाग पुजला जाऊ लागला. भाविकाला या कथेत नाथांचे सामर्थ्य दिसते. इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. जिवंत नागाच्या आधी इथे मातीचा नाग पुजला जात होता, ही आठवण गावाने स्वतःच्याच कथेत जपून ठेवली आहे. गोरक्षनाथांचा काळ अभ्यासक साधारण अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास धरतात. नाथ शिराळ्यात नेमके कधी आले, हे या कथेवरून सिद्ध होणार नाही. पण एका पूजेवर दुसरी पूजा कशी चढली, याची साक्ष ती नक्की देते. भाविकाने आणि अभ्यासकाने कथा अशी आपापल्या परीने वाचली, म्हणून त्यांच्यात वैर असायचे कारण नाही, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहायला ज्यू लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथातले एक प्रकरण फार उपयोगी पडते, कारण तिथेही मुद्दा सापाचाच आहे.

त्या ग्रंथातल्या ‘गणना’ या पुस्तकात, रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना विषारी साप डसू लागतात. देवाच्या आज्ञेवरून त्यांचा पुढारी मोशे पितळी साप घडवून खांबावर उभा करतो, आणि डसलेला माणूस त्याच्याकडे पाहून जगतो. पुढे ‘राजे’ या पुस्तकात वेगळेच घडते. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदाचा राजा हिज्कीया हाच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. म्हणजे ज्या ग्रंथाने साप घडवायला लावला, त्याच ग्रंथाने साप फोडणाऱ्याला शाबासकी दिली. एकोणिसाव्या शतकापासून विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी या ग्रंथाचे वेगवेगळ्या काळांतले थर उलगडायला घेतले. यरुशलेमच्या मंदिरात सर्पप्रतिमा आधीपासून होती आणि तिचे मूळ सांगण्यासाठी मोशेची कथा पुढे आली, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटते. 1969 मध्ये दक्षिण इस्राएलातल्या तिम्ना इथे, तांब्याच्या जुन्या खाणींजवळच्या देवस्थानात, वीतभरही लांब नसलेला तांब्याचा साप सापडला. त्याच्या डोक्याला सोन्याचा मुलामा आहे. हा मोशेचा साप आहे असे कोणी जबाबदार अभ्यासक म्हणत नाही; त्या मुलखात धातूचे साप पुजले जात, एवढे त्यावरून कळते.

यावर भाविक विचारतो, मग आमच्या ग्रंथात उरले काय? याचे उत्तर ज्यू धर्मपंडितांनी आधुनिक विद्यापीठे जन्मायच्या कितीतरी आधी देऊन ठेवले आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात प्रश्न आहे, की साप काय माणसाला मारतो, का तारतो? त्याचा निर्वाळा असा, की लोकांनी वर पाहिले आणि मन देवाला वाहिले, म्हणून ते बरे झाले. हिज्कीयाने केले ते योग्यच, असेही मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदच्या पंडितांनी मान्य केले. प्रतिमा गेली, पण धर्म टिकला. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचा अनुभवही असाच आहे. तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक पिढ्यान् पिढ्या जवळजवळ ग्रंथांविनाच धर्म पाळत होते. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात हिब्रूचा अभ्यास रुजला. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. या अभ्यासाने त्यांची श्रद्धा आटली नाही, उलट तिला पाया मिळाला. हिंदू भाविकांचेही तेच: संशोधक रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतापर्यंत नेऊन भिडवले, तरी आषाढीची गर्दी काही ओसरली नाही.

शिराळ्याचे प्रकरण मात्र एका बाबतीत वेगळे आहे आणि ते झाकून चालणार नाही. हिज्कीया त्याच धर्मातला होता. शिराळ्यात बंदी बाहेरून आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधाराने मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये नाग पकडणे आणि त्यांची मिरवणूक काढणे थांबवले. गावाला तो घाव वाटला, आणि त्या वाटण्याला कारण आहे. पंचमीच्या आधी बांधावर, वारुळापाशी मातीवर उमटलेला माग काढायचा, नाग मडक्यात ठेवून तोंडाला फडके बांधायचे, अंबामातेच्या दर्शनाला न्यायचा आणि सण झाला की परत रानात सोडायचा, यात पिढ्यांची नजर आणि हात तयार झाले होते. नाग दिसला की काठी शोधणाऱ्या मुलखात नाग मारू नये हे या गावाने शिकवले. पण अभ्यास इथेही बोलतो. नाग दूध पचवू शकत नाही. तो फणा काढतो ते भक्तीने नव्हे. भ्यालेला असतो म्हणून काढतो, आणि डोलतो ते समोरच्या हालचालीवर नजर ठेवून. हे ठाऊक असताना त्याला गर्दीत फिरवायचे, तर ज्याला देव मानला त्यालाच त्रास होतो. आता परंपरा बुडाली, असे जे म्हणतात त्यांनी आपलीच कथा पुन्हा ऐकावी. नाथ दारी आले तेव्हा ती बाई मातीच्याच नागापुढे बसली होती, आणि तिची भक्ती नाथांनी उणी मानली नाही. मला तरी बंदी योग्य वाटते, आणि ती पाळून पंचमी करणारा शिराळकर कथेशी बेइमान होत नाही.

2025 मध्ये केंद्र सरकारने अभ्यास आणि शिक्षणापुरते मोजके नाग पकडायला परवानगी दिली. तेव्हा अभ्यास हा शब्द गावानेही मनावर घ्यावा. नाग कुठल्या रानात सापडत, माग कसा ओळखत, कुठे नेऊन सोडत, मिरवणुकीत कोणाचा मान कुठला, हे नाग पकडणाऱ्या जुन्या मंडळांतल्या जाणत्या माणसांकडून लिहून घ्यायला हवे. ही माणसे आता थकली आहेत. शिराळ्यातल्या शिक्षकांनी आणि कॉलेजातल्या मुलांनी येत्या श्रावणाच्या आधी हे काम हाती घ्यावे.