उद्याची नुमाइश

लासूर गावापासून जरा बाजूला रेल्वेचं स्टेशन झालं आणि स्टेशनाभोवती दुसरंच गाव उभं राहिलं. त्याचं नावही लासूर स्टेशन. 1900 च्या सुमारास निजामाच्या मुलुखातून मनमाडकडे रूळ पडले. त्या रुळांच्या मागोमाग व्यापारी आले, हमाल आले, कांद्या-कापसाचा बाजार आला. गाडी आली की गाव कसं बदलतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण अमेरिकेतल्या एका मोटार कंपनीने नेमकी हीच गोष्ट तंबूत मांडून गावोगाव फिरवली होती. तिची हकीकत आज सांगायची आहे.

आमच्याकडची जुनी माणसं प्रदर्शनाला 'नुमाइश' म्हणत. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा 1938 साली हैदराबादच्या बागेत पहिली मोठी नुमाइश भरली. ती पाहायला लोकांना हैदराबाद गाठावं लागे. अमेरिकेत जनरल मोटर्सने याच्या उलट केलं. नुमाइशच चाकांवर चढवली.

ही कल्पना चार्ल्स केटरिंग यांची. मोटार हँडल मारून सुरू करावी लागे, त्या काळात विजेचा स्टार्टर शोधणारा हा माणूस. तो कंपनीच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. 1933 साली शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथली गर्दी त्याने पाहिली. जे तिथवर येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे आपण का जाऊ नये, असं त्याच्या मनात आलं. फेब्रुवारी 1936 मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँड गावातून 'परेड ऑफ प्रोग्रेस' निघाली. नाव बघा, प्रगतीची मिरवणूक! प्रवेश फुकट. ताफा गावात शिरला की आधी रस्त्यातून मिरवायचा, मग मैदानात तंबू पडायचा. आपल्याकडच्या टुरिंग टॉकीजची आठवण व्हावी असाच थाट. फरक इतकाच की, या तंबूत राजाराणीची गोष्ट नव्हती, विज्ञानाचे चमत्कार होते. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली तरुण पोरं ते समजावून सांगत.

1940 च्या सुमारास या ताफ्यासाठी खास 12 गाड्या बांधल्या गेल्या. त्यांचं नाव फ्युचरलायनर. लांबी 33 फूट, ड्रायव्हरची जागा माडीवर बसल्यासारखी उंच. कूस उघडली की आत देखावा. त्यातल्या एका देखाव्यात चौफुलीवरचं एक साधं गाव होतं. घोडागाडीच्या काळातलं ते गाव बघता बघता मोटारींचं, पक्क्या रस्त्यांचं गाव होत असे. लासूर स्टेशनचा माणूस तिथे उभा राहिला असता, तर त्याला ते ओळखीचंच वाटलं असतं. मात्र टांगेवाल्याचं पुढे काय झालं, हे सांगायला अशा देखाव्यात जागा नसते.

आणि जागा नसलेल्या गोष्टी त्या वेळीही होत्या. परेड सुरू झाली त्याच वर्षाच्या शेवटी, 30 डिसेंबर 1936 ला, मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात याच कंपनीचे कामगार कारखान्यात ठाण मांडून बसले. मागणी होती की आमच्या संघटनेला मान्यता द्या. थंडीचे दिवस, बाहेर पोलिस. 44 दिवसांनी, 11 फेब्रुवारी 1937 ला, कंपनीने करार केला. म्हणजे त्या दोन वर्षांत या कंपनीची दोन चित्रं अमेरिकेसमोर होती. एकात तंबूतला लखलखता उद्या होता. दुसऱ्यात तो उद्या घडवणारी, आज काय मिळतं ते विचारणारी माणसं होती. मंदीचा काळ होता, मोठ्या उद्योगांवरचा लोकांचा विश्वास डळमळला होता. परेड ही त्या विश्वासाचीही डागडुजी होती.

युद्धात परेड थांबली. 1953 ला पुन्हा निघाली आणि 1956 ला कायमची बंद झाली. तोवर घराघरात टेलिव्हिजन आला होता. तंबूपर्यंत कोण जाणार?

शहरांसाठी कंपनीची वेगळी नुमाइश होती, मोटोरामा. 1949 साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात तिची सुरुवात झाली आणि पुढे ती शहराशहरांतून फिरली. 1961 पर्यंत कोटीच्या आसपास लोकांनी ती पाहिली. तिथे 'कॉन्सेप्ट कार' असत. विकायच्या नव्हेत, नुसत्या दाखवायच्या गाड्या. हार्ली अर्ल हा त्यांचा कर्ताकरविता. 1954 ची फायरबर्ड तर चाकांवरचं जेट विमानच होतं. 1956 च्या फायरबर्डबरोबर एक सिनेमा दाखवत. त्यात 1976 सालचं एक कुटुंब आपोआप चालणाऱ्या मोटारीतून प्रवासाला निघतं. 1976 येऊन गेलं. तसली मोटार काही आली नाही. पण जानेवारी 1953 मध्ये दाखवलेली कॉर्व्हेट लोकांना इतकी आवडली की, त्याच वर्षी तिच्या 300 गाड्या तयार झाल्या.

बाकी कित्येक स्वप्नगाड्यांच्या नशिबी भंगार आलं. नुमाइश संपली की त्या मोडीत काढायचा हुकूम निघे. त्यातल्या चार गाड्या 1988 साली मिशिगनमधल्या एका भंगाराच्या अड्ड्यात सापडल्या. एकीचे तर तुकडे केलेले होते. एका संग्राहकाने त्या उचलल्या. फ्युचरलायनरचं नशीब मात्र पालटलं. 2015 मध्ये एक 40 लाख डॉलरला लिलावात गेली.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे. याच जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत, शिवडीला, मोटारी जोडायचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून येत, इथे जोडले जात. स्वातंत्र्यानंतर सरकार म्हणालं, नुसती जोडणी चालणार नाही, इथेच बनवा. कंपनीने 1954 साली गाशा गुंडाळला. तिकडे फायरबर्डवर रोषणाई होत होती, त्याच वर्षी शिवडीच्या कारखान्याला टाळं लागलं.

पुढे कंपनी परत आली. 2007 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तिने 'बीट' नावाची छोटी हिरवी कॉन्सेप्ट कार दाखवली. ही स्वप्नगाडी भंगारात गेली नाही, खरी झाली. जानेवारी 2010 मध्ये ती शेवरोले बीट म्हणून आपल्या रस्त्यांवर आली आणि बनत होती पुण्याजवळच्या तळेगावात! 2008 साली सुरू झालेल्या त्या कारखान्यात महाराष्ट्राची पोरं कामाला लागली. 2017 अखेर कंपनीने भारतात विक्री थांबवली. डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचं उत्पादनही थांबलं आणि हजाराहून अधिक कामगारांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. ते न्यायालयात गेले, रस्त्यावर आले. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

आमच्याच गंगापूर तालुक्यातल्या वाळूजला 1985 पासून बजाजच्या गाड्या बनतात. कारखान्याच्या भोंग्यावर चालणारी घरं आमच्या ओळखीची आहेत. म्हणून वाटतं, नुमाइश जरूर पाहावी. डोळे दिपले तरी हरकत नाही, स्वप्नाशिवाय माणूस पाऊल उचलत नाही. कवी असून मी स्वप्नाला नावं कशी ठेवू? पण रोषणाईच्या समोर उभं राहून एक प्रश्न विचारायला हवा: या उद्यामध्ये टांगेवाला कुठे आहे आणि बोल्ट आवळणारा कुठे आहे? ज्या देखाव्यात त्या दोघांना जागा असेल, त्या देखाव्याला खुशाल प्रगतीची मिरवणूक म्हणावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)