चूल आणि मुक्काम

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात असा संपादिकाबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. त्यातून विषय इतिहासाचा! पण त्या म्हणाल्या, "मुंबईला जाऊन जे पाहिले आणि खाल्ले, तेच लिहा. तोही इतिहासच आहे." म्हणून हे धाडस करीत आहे. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

गेल्या माघ महिन्यात आपल्या मंडळाच्या आम्ही अकराजणी मुंबईस गेलो होतो. माझी भाची तेथे एक निराळेच काम करते. जुन्या वस्त्यांतून पाहुण्यांना पायी हिंडवायचे, ठिकठिकाणी तिथला पदार्थ चाखवायचा आणि तो पदार्थ तिथे कोणी, कुठून आणि कशासाठी आणला ते सांगायचे. ऐकून आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे खात खात तीर्थयात्राच की!" आम्हांला हसू आले, पण दिवस संपला तेव्हा त्यांचे म्हणणे खोटे वाटेना.

फेरी धोबीतलावापासून सुरू झाली. मेट्रो सिनेमाच्या समोर 'कयानी' नावाचे इराणी हॉटेल आहे. ते १९०४ साली उघडले. उंच छत, वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि बरण्यांतून बिस्किटे. भाचीने सांगितले, इराणातील यज्द आणि किरमाण या भागांतून, दुष्काळ, गरिबी आणि धर्मापायी होणारा जाच यांना कंटाळून ही माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी मुंबईस आली. पारशी मंडळी कित्येक शतके आधी येऊन स्थिरावलेली. हे त्यांचेच धर्मबांधव, पण मागाहून आलेले आणि हाती काही नसलेले. त्यांनी चहा आणि पाव विकायला घेतला. ज्यांना घर नाही, घरी चूल नाही, अशा एकट्या कामकऱ्यांना थोड्या पैशांत बसायला खुर्ची आणि पोटाला आधार मिळू लागला.

आमच्यात एक माळकरी वहिनी होत्या. मावा केकमध्ये अंडे असते असे कळताच त्यांनी बशी दूर सारली. मग त्यांच्यासाठी कडक ब्रुन पाव आणि मस्का मागवला. चहात बुडवून पहिला घास घेतल्यावर म्हणाल्या, "हा तर आपला खारी-टोस्टचा थोरला भाऊ!"

त्याच इमारतीच्या माड्यांवर गोवेकरांचे 'कूड' आहेत. गोव्याच्या एकेका गावाचा एकेक कूड. बोटीवर नोकरी करणारे खलाशी बोट मिळेपर्यंत तिथे राहत. प्रत्येकाची एक पेटी, कोपऱ्यात देव्हारा, आणि सगळ्यांचे मिळून गाव. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीजांचा. पाव भाजण्याची विद्या गोव्याच्या भट्टीवाल्यांनी मुंबईत आणली. पुढे १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी त्याच पावात बटाटेवडा घातला आणि वडापाव झाला असे सांगतात. म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठी खाणे म्हणतो, त्यातला पाव परका आणि बटाटाही परकाच!

यावरून भाचीने आम्हांला एक कोडे घातले. "मावशी, उपासाला काय काय चालते?" आम्ही सांगितले, साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची. ती म्हणाली, "ही चारही अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर जहाजांतून ती जगभर पसरली. त्याआधी आपल्या आज्या-पणज्यांनी यातले एकही पाहिले नव्हते." साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तोही तिकडचाच. माळकरी वहिनी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण भाकरी तरी आपली ना?" तर ज्वारी आणि बाजरी या दोन्हींचे मूळ आफ्रिकेत! हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी ते दाणे इकडे आणले, आणि आपल्या काळ्या मातीने ते आपले म्हणून घेतले. आपल्या शेतात आज जे डोलते, त्याचा कोणी तरी पूर्वज वाटसरूच होता.

तिथून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने आम्ही गिरगावात गेलो. केशवजी नाईकांची चाळ बाहेरून पाहिली. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली तिथे झाला. पुढे खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, कौलारू, ठेंगणी घरे. जमीन एका पाठारे प्रभू खोताची, आणि घरे बांधली ती ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी. ही माणसे बाहेरून आलेली नव्हेत, मूळची इथलीच. घरात मराठी बोलणारी. उन्हाळ्यात मिरच्या नि मसाले वाळवून, कुटून, रंगीत बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याला 'बाटली मसाला' म्हणतात. आपल्या येसराची आठवण झाली. वर्षाची बेगमी करणारी बाई कुठलीही असो, चैत्र-वैशाखात तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते.

याच गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. त्याच 'लिज्जत'चे पापड आज देशाबाहेरही जातात. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आम्ही अकराजणी त्या रस्त्यावर उभ्या राहून मनातल्या मनात हिशेब करीत होतो. सातजणींना जमले, तर अकराजणींना का जमू नये?

भुलेश्वर, काळबादेवीच्या गर्दीतून फार थांबता आले नाही. कच्छी, काठेवाडी, मारवाडी व्यापाऱ्यांनी आपापली फरसाणे आणि मिठाया आणून त्या गल्ल्या भरून टाकल्या आहेत. फाफडा आणि पपईचा संभार खाऊन आम्ही बसने लालबागला गेलो. माझ्या मते खरी फेरी तिथे सुरू झाली.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापली. ती १८५६ मध्ये ताडदेवला चालू झाली. मग गिरण्यांमागून गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकण, सातारा, कोल्हापूर, घाटावरची गावे तिकडे लोटली. पुरुष एकटे यायचे. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-पंधराजण, पाळीपाळीने झोपणारे. बायको गावी, शेतावर. मग या माणसांना जेवू कोण घालणार? तर काही गिरणी कामगारांच्या बायका आणि काही विधवा. आपल्याच खोलीत चूल मांडून महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण घालायच्या. हीच गिरणगावची खानावळ. गिरण्यांची नावे पुस्तकांत आहेत, मालकांचे पुतळे आहेत, पुढाऱ्यांच्या नावाचे रस्ते आहेत. पण त्या गिरण्या ज्या भाकरीवर चालल्या, त्या भाकरीचा इतिहास कोणी लिहिला?

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेली ही बाई. खानावळवाल्या तोवर किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते, पण अंगठा उठवणाऱ्या बाईला बँकेच्या दारात उभे कोण करणार? ते काम प्रेमाताईंनी केले. त्यांना २००२ साली पद्मश्री मिळाली. मग १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट चालू झाल्याच नाहीत. आज त्या जागी उंच इमारती आहेत.

मिरच्यांच्या नि चिवड्याच्या गल्लीतून भाचीने आम्हांला एका चाळीत नेले. तिथे एक ऐंशीच्या घरातील आजी राहतात. सातारा जिल्ह्यातल्या. त्यांच्याकडे एके काळी बावीसजण जेवायला होते. पहाटेच्या पाळीचे आधी, रात्रपाळीचे शेवटी. लिहिता-वाचता येत नव्हते, तर भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून हिशेब ठेवीत. मी विचारले, "संपात काय केलंत, आजी?" त्या म्हणाल्या, "संप गिरणीला होता बाई. चुलीला कुठला संप? ताटावर बसलेल्याला उठ कसं म्हणायचं? घातलं जेवायला. रेघा वाढत गेल्या. मग एकेक जण गावाला गेला. भिंत पुढं चुन्यानं रंगवली, तेव्हा हिशेब मिटला."

आम्हां साऱ्याजणींच्या डोळ्यांना पाणी आले. त्यांनी आमच्यापुढे झुणका, भाकर आणि मिरचीचा खर्डा ठेवला आणि विचारले, "तुम्ही कुठल्या म्हणायच्या?" बीडच्या म्हटल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे ऊसतोडीच्या मुलखातल्या. आमच्याकडं येतात की तुमची माणसं, दसऱ्यानंतर. तुमच्यापैकी कोणी जातं का?"

कोणीच बोलले नाही. मीही बोलले नाही. आणि तेच मला त्या दिवसापासून सलते आहे. म्हणून आज इथे लिहिते.

भगिनींनो, मी ऊसतोडीला गेलेली मुलगी आहे. मंडळात बहुतेकींना हे ठाऊक नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात मी सातवी पास झाले. त्याच पावसाळ्यात आजी वारली. तोवर आई-वडील कोयत्यावर गेले की आम्ही भावंडे आजीपाशी राहायचो. ती गेल्यावर आम्हांला ठेवणार कोण? मुकादमाची उचल आधीच घेतली होती, ती फिटली नव्हती. दसरा झाला आणि आम्ही सगळेच गाडीत बसलो. माझी शाळा तिथेच सुटली. आई पहाटे तीनला फडात जायची, म्हणून भाकरी माझ्याकडे. वय तेराचे. उसाच्या पाचटाची कोपी, वाकूनच आत जायचे. दारात तीन दगडांची चूल, पाचट भुरकन पेटायचे नि भुरकन विझायचे. त्यावर भाकरी फुगवायला मी शिकले. शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, कधी फडाच्या बांधावरची भाजी. धाकट्या भावाला काखेत घेऊन मी ते फडावर पोचवायची.

१९५० नंतर पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळाने आपला जिल्हा होरपळला. इकडे पाणी नाही, तिकडे ऊस उभा. तेव्हापासून आजपर्यंत दर वर्षी आपली गावे दसरा-दिवाळीनंतर ओस पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी भरतात. गिरणीचा कामगार शहरात राहिला, त्याची चाळ झाली, खानावळ झाली, गल्ली झाली. म्हणून आज माझी भाची ती दाखवू शकते. आपल्या माणसांची कोपी मात्र हंगाम संपला की मोडून टाकतात. पुढच्या पेरणीला तिथे नांगर फिरतो. आमच्या चुलीचे तीन दगड कुठे होते, ते मला आज कोणी विचारले तर दाखवता येणार नाही. उद्या एखादीने ठरवले की ऊसतोडणीच्या वस्तीतून फेरी काढू, तर ती हिंडणार कुठून? बघण्यासारखे तिथे काही उरतच नाही. उरते ते फक्त बायकांच्या हातात.

ते हातातले कागदावर यावे असे मला वाटते. म्हणून या वर्धापनदिनी मी मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते. पहिली अशी की, मंडळाने एक वही घालावी. हंगामाहून परतलेल्या बायकांना चैत्राच्या हळदी-कुंकवाला मुद्दाम बोलवावे, आणि कोपीवर त्या काय रांधतात, काय पुरते नि काय पुरत नाही, हे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे आपण लिहावे. दुसरी गोष्ट अशी की, आजी-आजोबांपाशी मागे राहणाऱ्या मुलींसाठी दिवाळीपासून निदान एका वेळचे ताट मंडळाने करावे. आजीच्या हातून होत नाही म्हणून कोणा मुलीची आठवी राहू नये. ऐंशी रुपयांवर सातजणींनी आरंभ केला. आपल्या पेटीत त्याहून पुष्कळ जास्त आहे.

मुंबईहून निघताना लालबागच्या आजींनी आम्हांला मूठ-मूठ मसाला बांधून दिला. घरी आल्यावर मी त्यांना आपल्या बालाघाटाच्या डोंगरातली सुकी मिरची आणि घरचे येसर पाठवले. सोबत एक चिठ्ठी दिली. तीत त्यांच्या प्रश्नाचे उत्तर होते: "होय आजी, जातात. मीही गेले होते."

वहीचे पहिले पान मी लिहून ठेवले आहे. पुढचे पान कोरे आहे.