सावलीवर सावली

गेल्या महिन्यात नाशिकच्या मावशीचा फोन आला. "अरे, तू कम्प्युटरवाला ना? मग हे टोमो की काय ते म्हणजे काय रे?" आमच्याकडे एकदा पोरगा इंजिनिअर झाला की मिक्सरपासून शेअर बाजारापर्यंत सगळं त्यालाच विचारतात, त्यामुळे प्रश्नाचं नवल नव्हतं. पण आवाज नेहमीचा नव्हता. मावशी ५२ वर्षांची. नेहमीची तपासणी म्हणून मॅमोग्राफी केली, तर डाव्या बाजूला एक पांढरट डाग दिसला. "घाबरू नका, पण टोमोसिंथेसिस करून घ्या," असं डॉक्टर म्हणाले आणि तारीख मिळाली नऊ दिवसांनंतरची.

घाबरू नका म्हटल्यावर माणूस हमखास घाबरतो. ते नऊ दिवस मावशीने कसे काढले ते काकांनाच ठाऊक. मी आपला दोन वीकेंड वाचत बसलो. (मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सल्ला डॉक्टरांचाच घ्यायचा. माझ्याकडे फक्त गोष्ट आहे.)

गोष्ट तशी जुनी आहे. राँटजेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये. १९१३ मध्ये बर्लिनच्या अल्बर्ट सालोमन या सर्जनने ऑपरेशन करून काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे घेऊन, कॅन्सर त्यात कसा दिसतो याचा अभ्यास मांडला. पुढे उरुग्वेच्या राउल लेबॉर्न यांनी स्तन नीट दाबून धरून चित्र घ्यायचा आग्रह धरला. (तपासणीत दुखतं ते यामुळेच, पण चित्र स्वच्छ येतं तेही यामुळेच.) १९६० मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी दुसऱ्यांनाही जमेल अशी पद्धत बसवून दिली. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ६२,००० बायकांवर मोठी चाचणी सुरू झाली आणि तपासणीने मृत्यू कमी होतात हे तिच्यातून दिसलं.

सगळं छान. पण मूळ दुखणं तसंच राहिलं. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. चार-पाच सेंटीमीटर जाडीचा अवयव आपण एका सपाट चित्रात कोंबतो. मग दोन निरोगी भागांच्या सावल्या एकीवर एक पडल्या की गाठ असल्याचा भास होतो. उलट, खरी गाठ दाट भागाच्या सावलीत लपूनही जाते, कारण दोन्ही पांढरेच दिसतात. पहिल्या चुकीत बाईची झोप उडते, दुसऱ्या चुकीत जीव जाऊ शकतो. आणि तरुण बायकांमध्ये हा दाट भाग जास्त असतो.

यावर उपाय काय? ट्रेनच्या खिडकीत बसा. जवळचे विजेचे खांब सपासप मागे जातात, मधलं आंब्याचं झाड सावकाश सरकतं आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. आता खिडकीतून पाठोपाठ पंधरा फोटो काढा. ते एकमेकांवर असे ठेवा की प्रत्येक फोटोतलं झाड बरोबर झाडावर बसेल. झाड ठळक उठून दिसेल, खांब आणि डोंगर फरफटून पुसट होतील. मग तेच फोटो थोडे सरकवून डोंगर जुळवा, आता डोंगर ठळक. फोटो तेच, फक्त सरकवायचं अंतर बदललं. आमच्या भाषेत सांगायचं तर एक साधा लूप!

गंमत म्हणजे या विचाराची सुरुवात कम्प्युटरच्या आधीची आहे. एक्स-रेची नळी आणि फिल्म एकमेकांच्या उलट दिशेने हलवून शरीराचा एकच थर स्पष्ट टिपायची कल्पना पॅरिसच्या आंद्रे बोकाज यांनी १९२१ मध्ये पेटंटसाठी मांडली. नेदरलँड्सच्या झीडसेस देस प्लान्टेस यांनी १९३२ मध्ये तशी पद्धत प्रसिद्ध केली. १९७२ मध्ये डेव्हिड ग्रांट यांनी, मोजक्या कोनांतून घेतलेल्या चित्रांतून हवा तो थर नंतर तयार करायच्या तंत्राला 'टोमोसिंथेसिस' हे नाव दिलं. टोमो म्हणजे काप, सिंथेसिस म्हणजे जुळवणी.

मग इतकी वर्षं गाडी कुठे अडली होती? फिल्मपाशी. प्रत्येक कोनासाठी नवी फिल्म, आणि तीही अगदी थोड्या किरणांत काढायची, नाहीतर बाईला पंधरापट मात्रा बसायची. गणित तयार होतं, सेन्सर नव्हता. डिजिटल सेन्सर हाताशी आल्यावर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन निकलासन, डॅनियल कोपान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाचं डिजिटल टोमोसिंथेसिस करून दाखवलं आणि १९९७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तरीही अमेरिकेच्या एफडीएची पहिली मंजुरी यायला फेब्रुवारी २०११ उजाडला. होलॉजिक कंपनीचं ते यंत्र.

त्यात नळी १५ अंशांच्या कमानीत फिरत सुमारे चार सेकंदांत १५ चित्रं घेते आणि सॉफ्टवेअर त्यातून एकेक मिलिमीटरचे थर बनवतं. म्हणजे ही खरीखुरी थ्रीडी नव्हे बरं का! सीटी स्कॅनसारखी नळी पूर्ण गोल फिरत नाही, त्यामुळे खोलीचा अंदाज अंधुकच राहतो. पण सावल्या सुट्या करायला तेवढं पुरतं. सुरुवातीला साधी मॅमोग्राफी आणि टोमो दोन्ही करत, त्यामुळे किरणांची मात्रा जवळपास दुप्पट व्हायची. २०१३ मध्ये टोमोच्याच थरांतून सपाट चित्र बनवायला मंजुरी मिळाली आणि तो प्रश्न बराचसा सुटला.

फायदा किती? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १३ ठिकाणच्या साडेचार लाखांवर तपासण्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. टोमो जोडल्यावर पुन्हा बोलावण्याचं प्रमाण हजारी १०७ वरून ९१ वर आलं आणि सापडलेले कॅन्सर हजारी ४.२ वरून ५.४ झाले. स्वीडनमध्ये माल्मो इथे हजारी ६.५ चे ८.७ कॅन्सर सापडले, पण तिथे पुन्हा बोलावणंही वाढलं. आणि नॉर्वेतल्या बर्गनच्या चाचणीत (२०१९) कॅन्सर सापडण्यात सांगण्यासारखा फरकच दिसला नाही! जास्त सापडले म्हणजे जास्त जीव वाचले असंही नाही, कारण त्यातले काही कॅन्सर कधीच त्रास देणारे नसतात. ते तपासायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

असं थांबण्याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखांवर बायका घेऊन चाचणी सुरू केली. यंत्रच नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये आला. एकूण गटात मृत्यू १५ टक्के कमी, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो इतपतच. पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र जवळपास ३० टक्के कमी, आणि तो ठाम. टोमोवाला म्हणून मी यंत्राच्या प्रेमात पडलो होतो, तो हे वाचून जरा जमिनीवर आलो.

दहाव्या दिवशी काकांचा फोन आला. थर सुटे करून पाहिल्यावर तो डाग कुठल्याच थरात नव्हता. सावलीवर सावली पडली होती, एवढंच. मागून मावशीचा आवाज आला, "त्याला सांगा, आता मिक्सर बघायला ये म्हणावं."

असो. तुमच्या घरात कुणी अशा नऊ दिवसांत अडकलं असेल, तर आकडे नंतर सांगा. आधी जाऊन शेजारी बसा. मी पुण्यात बसून नुसतं वाचत राहिलो, ते चुकलंच.