मुतखडा निघाल्यानंतरचे रक्त

मुतखडा आपल्या किनाऱ्याला नवा नाही. उरण-पेणच्या मिठागरांत उन्हात राबणाऱ्याचे पाणी घामावाटे जाते, लघवी घट्ट होते आणि खडा धरण्यास वाव मिळतो.

सुश्रुतसंहितेत अश्मरी काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली आहे. परंतु ती मूत्राशयातील खड्याची. मूत्रपिंडाला सुरी लावण्यास शस्त्रवैद्य फार काळ कचरत आले, आणि ते सकारण होते. दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला सुमारे १ लिटर रक्त वाहते. १८८० साली लंडनच्या हेन्री मॉरिस यांनी न सुजलेल्या मूत्रपिंडातून खडा काढला. १९०१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील माक्स ब्रोडेल यांनी दाखवून दिले, की मूत्रपिंडाच्या बाहेरच्या कडेच्या किंचित मागे धमन्या विरळ असतात. छेद तेथे घ्यावा. हे ब्रोडेल वैद्य नव्हते, चित्रकार होते!

१९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम व योहानसन यांनी पाठीतल्या लहानशा छिद्रातून खडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तिलाच आपण 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतो. जखम लहान झाली, मुक्काम दोनचार दिवसांवर आला. परंतु श्रोतेहो, धमनी काही लहान झाली नाही. तिला भोक पडले, तर प्रथम गुठळी त्यावर बूच बसवते. तेथे धमनीला फुगा धरतो आणि आठपंधरा दिवसांत तो फुटू शकतो. कधी धमनी शेजारच्या शिरेलाच जोडली जाते. असे शंभरात एखाद्यालाच होते. पण पूर्वी जे वैद्यांच्या डोळ्यांदेखत झाले असते, ते आता घरी होते.

अशा वेळी पूर्वी पुष्कळदा मूत्रपिंडच काढावे लागे. १९७० नंतर जांघेतल्या धमनीतून नळी सरकवून फुटकी फांदी आतूनच बंद करण्याची विद्या आली आणि मूत्रपिंड वाचू लागले. मात्र ही सोय मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत असते. आणि पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचा बंद असतात.

रोजंदारीच्या माणसाला खड्यापेक्षा खाड्याची धास्ती अधिक. म्हणून तो आठव्या दिवशीच डोक्यावर टोपली घेतो. तेव्हा मागणी साधी आहे: साफ झालेली लघवी पुन्हा लाल झाली, गुठळ्या पडल्या वा चक्कर आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे, हे घरी जातानाच्या कार्डावर मराठीत लिहिलेले असावे, तोंडीही सांगितले जावे, आणि डॉक्टर सांगतील तेवढ्या विश्रांतीचा रोज बुडू नये. मुक्काम कमी झाला, तो वैद्यकाने केला. उरलेले दिवस आजाऱ्याच्या पदरात टाकणे आपले काम आहे.