‘डेल्को’ : एका शब्दाचा व एका कसबाचा मागोवा

चोपडा तालुका तापीच्या उत्तरेस, तर सुरत-भुसावळ लोहमार्ग नदीच्या दक्षिणेस. अंमळनेर, धरणगाव किंवा जळगाव येथील स्थानक गाठावयाचे तर चोपडेकरास रस्त्याने जाणे भाग असते. कापूसही त्याच वाटेने स्थानकाकडे जाई. ज्या गावास रेल्वे नाही त्या गावात मोटार ही चैनीची वस्तू फार काळ राहत नाही, आणि मोटार आली की तिचा कारागीर येतो व कारागिरासवे त्याची भाषा येते. प्रस्तुत टिपण त्या भाषेतील एका शब्दापुरते आहे.

पेट्रोलच्या जुन्या इंजिनात कॉईलकडून येणारा उच्च दाबाचा प्रवाह पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरच्या प्लगपर्यंत पोहोचविणाऱ्या भागास इंग्रजीत ‘डिस्ट्रिब्यूटर’ म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र हा शब्द क्वचितच कानी पडतो. तेथे म्हणतात ‘डेल्को’. ‘डेल्को उतरव’, ‘डेल्कोचे झाकण तडकले’ अशी वाक्ये जुन्या फिएट व अ‍ॅम्बॅसडर गाड्यांवर हात बसलेल्या कारागिरांच्या तोंडी सहज येतात. विशेष असे की, अ‍ॅम्बॅसडरचा हा भाग मूळ इंग्रजी लूकस घडणीचा. डेल्कोशी त्याचा काडीचा संबंध नाही!

चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील डेटन ह्या गावी ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ स्थापिली. तिच्या आद्याक्षरांचा जोड म्हणजे ‘डेल्को’. ही कंपनी पुढे जनरल मोटर्समध्ये सामावली गेली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस गाड्यांची जुळणी सुरू केली व १९५४ च्या सुमारास येथील काम आवरले. शेव्हरोलेच्या इंजिनाबरोबर हे नाव पश्चिम हिंदुस्थानातील गॅरेजांत रुजले असावे, असे अनुमान करण्यास ही सव्वीस वर्षे पुरेशी आहेत. कंपनी गेली, नाव मागे राहिले आणि पुढे परक्या घडणीच्या यंत्रासही तेच लागले. स्पॅनिश भाषेतही नेमके हेच घडले असून तेथील राजमान्य अकादमीच्या कोशात ‘डेल्को’ हा शब्द ह्याच अर्थी नोंदलेला आहे. खानदेश व स्पेन यांनी हा शब्द एकमेकांकडून घेतला नाही. दोघांनी तो त्या डब्यावरच वाचला. आपल्या ‘स्टेपनी’चे कुळही असेच. वेल्समधील लानेली येथे १९०४ मध्ये निघालेल्या जादा चाकाच्या कारखान्याचे ते नाव.

आता ‘वितरक’ ह्या मराठी प्रतिशब्दाकडे पाहू. शब्द शुद्ध आहे, परंतु मराठी वाचकास त्याने वृत्तपत्र वाटणारा मनुष्य किंवा गॅसच्या टाक्यांचा दुकानदार आठवतो. कारागिरास हवा होता हातात धरता येईल अशा वस्तूसाठी एक आखूड, न घोटाळणारा शब्द, आणि तो त्यास आयता मिळाला. परिभाषाकारांनी ही निवड अडाणीपणाची समजू नये.

कारण तिच्यामागे ज्ञान आहे. डेल्को ‘लावणे’ म्हणजे काय? पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हँडल फिरवावयाचे. दाब अंगठ्यास जाणवला की पुलीवरील खूण जुळवावयाची. पॉइंट पूर्ण उघडले असता त्यांतील फट, अ‍ॅम्बॅसडरच्या बाबतीत, ०.०१४ ते ०.०१६ इंच हवी. गेज नसल्यास व्हिजिटिंग कार्डाची जाडी कामास येते. मग कमी दाबाच्या तारेच्या टोकास बारीक दिवा जोडून त्याचे दुसरे टोक इंजिनाच्या अंगास लावले असता, पॉइंट ज्या क्षणी विलग होतात त्या क्षणी दिवा पेटतो. तेथेच डबा आवळावयाचा. तारांचा क्रम १-३-४-२. ठिणगी फार लवकर पडली तर चढावर इंजिन आतून ठोकते, उशिरा पडली तर गाडी मरगळते व तापते. ही अखेरची परीक्षा रस्त्यावर, कानाने होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या वायूवर बसगाड्या चालल्या, तेव्हा हा वायू सावकाश जळतो म्हणून ठिणगी अधिक आधी पाडावी लागे. पुस्तकात छापलेला आकडा तेथे निरुपयोगी ठरे.

ह्यातील बहुतेक ज्ञान उस्तादाकडून पोऱ्याकडे तोंडी गेले. गावगाड्यातील सुतार-लोहारांचे शब्द आपण आस्थेने गोळा केले. १९१५ च्या ‘गावगाडा’ ह्या आत्रे यांच्या ग्रंथाचा आधार आपण आजही घेतो. मोटारीचा कारागीर बलुतेदार नव्हता, म्हणून तो बोलीच्या अभ्यासकांच्या यादीतून सुटला. अहिराणीचा अभ्यासक ओवीसाठी पायपीट करतो, परंतु बसस्थानकामागच्या गॅरेजकडे त्याचे पाऊल वळत नाही. अहिराणी बोलणारा कारागीर ‘डेल्को’ला कोणते लिंग देतो, कोणती विभक्ती लावतो, हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. परका शब्द भाषेत मुरतो तो तेथेच.

स्टेपनी आजही गाडीत असते, त्यामुळे तो शब्द जगेल. डेल्कोचे तसे नाही. नव्या गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवितो, फिरणारा रोटरही नाही आणि पॉइंटही नाहीत. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पॉइंटची फट बोटांनी ओळखणारे कारागीर आता वृद्ध आहेत, आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांना डेल्को उतरविण्याचा प्रसंगच येत नाही.