गेलेलं परत मिळतं, तारीख सांभाळली तर



अष्टमीहून कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात निघालेली, पदराखाली दागिन्याची पुरचुंडी घट्ट धरलेली बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कधीकधी ती बाई आपणच असतो. भाताची लावणी, पोरीची फी, दवाखाना, कारण काहीही असो, दागिना गहाण पडतो. मग एक दिवस सावकार म्हणतो, "मुदत संपली, आता हा माझा." आपण मान खाली घालून परत येतो. पण सावकाराने नेलेलं परत मिळवण्याचा आपल्याकडे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगते.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे. अंगठा उठवणाऱ्याला रोख्यात काय लिहिलंय ते कळत नव्हतं आणि कोर्टात मात्र तोच पुरावा. लोकांनी रोखे जाळले. दंगल अहमदनगर जिल्ह्यातही पसरली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आधी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. कर्जाचा हिशेब मुळापासून तपासायचं काम कोर्टावर आलं. भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला.

पुढे १९०८ च्या दिवाणी कायद्याने ठरवलं की कोर्टाच्या जप्तीतही काही वस्तूंना हात लावायचा नाही. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारं आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात ते दागिने. हा नियम आजही आहे.

मग १९२० चा नादारीचा कायदा आला. कर्ज फेडणं अशक्य झालेला माणूस कोर्टात नादारीचा अर्ज करू शकतो. एका घेणेकऱ्याने आधीच जप्ती आणली असेल तर? जप्त वस्तू विकून पैसे वसूल झाल्यावर अर्ज दाखल झाला, तर ते पैसे त्याचेच. पण विक्रीआधी अर्ज दाखल करून घेतला गेला आणि जप्तीच्या कोर्टाला तसं कळवलं, तर वस्तू रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत कर्जदाराने एकाच घेणेकऱ्याला झुकतं माप देऊन पैसे किंवा मालमत्ता दिली असेल, तर तो व्यवहारही कोर्ट रद्द करू शकतं. मात्र असं परत आलेलं आपल्या हातात पडत नाही. ते सगळ्या घेणेकऱ्यांत वाटलं जातं.

आपल्या हातात परत देणारा कायदा आला तो १९७५ साली. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. लहान शेतकरी, गावातले कारागीर आणि मजूर यांची २२ ऑगस्ट १९७५ पर्यंतची सावकारी कर्जं राज्याने रद्द केली आणि गहाण वस्तू परत द्यायला सांगितल्या. बँका आणि सहकारी सोसायट्यांची कर्जं यात नव्हती. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

आज आपल्याला उपयोगी आहे तो २०१४ चा सावकारी कायदा. सावकाराला सरळ व्याजच घेता येतं आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. परवाना नसलेल्या सावकाराकडची गहाण वस्तू मूळ मालकाला परत देता येते. आणि कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन? अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला व्यवहार असेल, तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत देण्याचा आदेश काढू शकतात.

मैत्रिणींनो, यातला प्रत्येक हक्क तारखेला बांधलेला आहे. विक्रीच्या आधी की नंतर, तीन महिने झाले की चार, चौदावं वर्ष की सोळावं. सुप्याच्या लोकांनी कागद जाळले, कारण ते सावकाराच्या हातात होते. आपले कागद आपल्या हातात हवेत. म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी पावती किंवा चिठ्ठी घेऊन यायची. तारीख आपण मिळून वाचू.