खान्देशचा उन्हाळा आणि रॉकेलचा दिवा

रॉकेल हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला आणि घासलेट ‘गॅसलाइट’वरून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तेल घरोघर शिरले, तिळाच्या-करडईच्या तेलाचे दिवे मागे पडले. उजेड वाढला. पण पणती कलंडली तर सांडलेले गोडेतेल सहसा पेटत नाही. रॉकेल मात्र भडकते. असे का?

तेल जळते म्हणजे खरे तर त्याची वाफ जळते. ज्या तापमानाला तेलावर ठिणगीने पेटण्याइतकी वाफ जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. खाद्यतेलांचा तो २०० अंश सेल्सिअसच्याही वर असतो. सुरुवातीच्या रॉकेलमध्ये पेट्रोलसारखा हलका अंश राहून जाई आणि दिवे फुटत. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबल यांनी फ्लॅश पॉइंट मोजण्याचे बंद भांड्याचे उपकरण तयार केले. १८७९ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने त्यावर ७३ अंश फॅरनहाइटची रेघ मारली. हिंदुस्थानच्या १८९९ च्या कायद्यात ती ७६ झाली. त्याखालचे तेल तेवढे ‘धोकादायक’.

७६ अंश फॅरनहाइट म्हणजे साडेचोवीस अंश सेल्सिअस! जळगाव-भुसावळला एवढे तापमान हिवाळ्याच्या दुपारीही असते. रेघ तीन अंशांनी सरकली खरी, पण ती मुळात थंड देशातली होती. आज भारतीय मानकानुसार रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश हवा. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ जवळ जातो. रॉकेल आपोआप पेटत नाही, त्यासाठी २०० अंशांहून अधिक तापमान लागते. पण जानेवारीत सांडलेले रॉकेल आणि मे महिन्यात सांडलेले रॉकेल यांत फरक आहे. मे महिन्यात त्यावर वाफ आधीच तयार असते, फक्त काडीची खोटी. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नये ते यासाठीच. त्यात भाव वाढेपर्यंत कापूस राहत्या घरातच साठवायची आपल्याकडची रीत, आणि त्या ढिगावर लोळणारी पोरे.

आम्ही लहानपणी वीज गेली की चिमणीजवळ अभ्यास करत असू. औषधाची उंच, हलकी बाटली, पत्र्याच्या झाकणाला भोक, त्यात वात. धक्का लागला की बाटली आडवी आणि झाकण बाजूला. अशाच दिव्यांनी भाजलेले रुग्ण पाहून श्रीलंकेतले शल्यचिकित्सक विजय गोडाकुंबुरा यांनी १९९२ च्या सुमारास नवा दिवा घडवला. जाड काचेचा, बुटका, फिरकीच्या झाकणाचा. दोन बाजू चपट्या, म्हणून कलंडला तरी घरंगळत नाही. १९९८ मध्ये त्यांना या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला.

आता बहुतेक घरांत गॅस आहे. पण जिथे रॉकेल उरले आहे, तिथे ते अनेकदा शीतपेयाच्या बाटलीत असते आणि तहानलेले मूल ते पाणी समजून पिते. अशा वेळी उलटी करवू नये. रॉकेल फुप्फुसात उतरते, आणि खरा घात तिथेच होतो. मुलाला तडक दवाखान्यात न्यावे.

मे महिन्यात शाळा नसते. म्हणून एप्रिलमध्येच मुलांना दुपारी दोन वाजता स्वयंपाकघराचे तापमान मोजून आणायला सांगा, आणि फळ्यावरच्या आलेखात ३५ अंशांवर आडवी रेघ मारून ठेवा.